अकरा नंबरची खाट

त्या खिडकीवर मृत्यूचे दाखले मिळत आणि नर्सना अनुभवाचेही. म्हातारा बायकोचा दाखला घ्यायला आला होता. अकरा नंबरच्या खाटेवर ती झोपेतच गेली, असं त्याला सांगितलं होतं. रांगेत त्याच्यापुढे दोन नर्स होत्या, एक थोरली, एक धाकटी.

"एमएस्सी करून काय दिवे लावणार आहेस गं?"

"कॉलेजात शिकवीन, सिस्टर. नाहीतर ऑफिसात बसेन."

"म्हणजे पेशंटला हात लावायला नको."

"तेच तर हवंय मला."

"अगं, पहिल्या फटक्यात शीर सापडते तुला! आणि तू फळ्यावर खडू घासणार?"

"चाळीस खाटांना मी एकटी होते. परवा अकरा नंबरच्या आजींनी माझा हात घट्ट धरला. जाऊ नको म्हणाल्या. मी 'आलेच हं' म्हणून हात सोडवून घेतला."

"मग?"

"वीस मिनिटांनी आले, तर सगळं संपलं होतं. आजोबा औषध आणायला गेले होते."

"त्यांना काय सांगितलंस?"

"मी नाही, डॉक्टरांनीच सांगितलं. आपण सगळ्यांना सांगतो तेच."

खिडकीतून हाक आली, "पुढचे कोण?"

धाकटी मागे वळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही व्हा पुढे. आमचं काही अडलेलं नाही."

म्हातारा जागचा हलला नाही.

"जाऊ नको म्हणाली?" त्यानं विचारलं. "आणखी काय म्हणाली ती?"