बर्फातल्या खिंडीसाठी एक गोटा

समारंभाचे अध्यक्ष गुणवंतराव, व्यासपीठावरचे हेडमास्तरसाहेब, चांद्याहून आलेले पाहुणे, आणि समोर बसलेल्या माझ्या मायबहिणी, भाऊ, लेकरं, सगळ्यांना या दादाजीचा नमस्कार.

आधी तब्येती विचारू द्या, त्याशिवाय मला बोलणं सुचत नाही. गुणवंतराव, गुडघा आता पायऱ्या चढू देतो ना? हेडमास्तरसाहेब, खोकला उतरला? सुगंधाबाई, सुनेचा ताप गेला का? बरं झालं. देवकाबाई, तुम्ही मात्र पार मागं दाराशी बसलात. तुमची तब्येत मी शेवटी विचारीन. उभा राहिलोय तो तुमच्यासाठीच.

ज्याला आज आपण निरोप देतो आहोत, तो इस्तारी हा देवकाबाईंचा एकुलता एक मुलगा. तलावात जाळं टाकणाऱ्या घरातला. मोजणी खात्यात जमीन मोजायची साखळी ओढायला लागला, मग दुर्बिणीला डोळा लावायला शिकला, आणि तीन वर्षं हिमालयात बर्फावर मोजणी करून आला. तिथल्याच एका परदेशी साहेबानं त्याला आता पृथ्वीच्या दक्षिण टोकाला बोलावलं आहे.

मी आपला चार बुकं स्वतःच चाळून शिकलेला माणूस. नकाशात ते टोक शोधलं, तर कागद कोराच! इस्तारी सांगतो, तिथं बर्फात बुडालेली डोंगरांची रांग आहे, आणि दोन शिखरांच्या मध्ये घोड्याच्या खोगिरासारखी एक खिंड. काठोकाठ बर्फानं भरलेली. तिच्यापलीकडे काय आहे, ते अजून कोणी पाहिलं नाही. तिची उंची मोजायची, पलीकडचा मुलूख कागदावर उतरवायचा. झाड नाही, पाखरू नाही, हिवाळाभर सूर्यसुद्धा नाही. मोहाच्या सावलीत वाढलेल्या माणसानं अशी जागा मनात आणायची तरी कशी? माघातल्या सकाळी तलावावर धुकं बसतं आणि समोरचा काठ दिसेनासा होतो. तेच धुकं दगडासारखं घट्ट झालं तर? माझी अक्कल तिथपर्यंतच पोचली.

पण खिंड म्हटली की आपल्याला कळते. पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या गावचा माणूस दूर निघाला, की गावाबाहेरच्या खिंडीत दगडांची रास आहे, तिच्यावर आपल्या हातानं एक गोटा ठेवतो. परत आला की तोच गोटा उचलून गावाच्या बाजूला टाकतो. दुसऱ्यानं तो उचलायचा नाही. त्या राशीत चुन्याचं बोट लावलेला एक गोटा आहे. तो इस्तारीच्या वडिलांचा, पोचूचा. जपानच्या लढाईच्या दिवसांत तो आसामकडे रस्त्याच्या कामाला गेला आणि आला नाही. तेरा वर्षं झाली. देवकाबाई दर दिवाळीला त्या गोट्याला चुना लावतात.

आता माझी कबुली. गावातली पत्रं मीच वाचून दाखवतो. मागच्या महिन्यात इस्तारीचं पत्र आलं: ‘माय, दोन वर्षं लागतील. तू हो म्हटलंस तरच जाईन.’ मी वाचलं, ‘सहा महिने लागतील.’ पत्रातला बर्फ तर गिळूनच टाकला. वाटलं, माउलीचा जीव कशाला जाळायचा? देवकाबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. काल इस्तारी घरी आला, तरी गप्पच. इकडे आपण हार आणून ठेवले, पण आईचा होकार कुठं होता?

आज सकाळी देवकाबाई माझ्या दारात. “चाला भाऊ, खिंडीत.”

वाटेत मी कबूल करायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, “राहू द्या. मले त्याच दिवशी समजलं.”

“कसं काय?”

“तुम्ही चष्मा काढून वाचलं. बिनाचष्म्यानं तुम्हाले समोरची म्हैस दिसत नाई, कागद कसा दिसला?”

“मंग बोलल्या काऊन नाई?”

“तुमची लाज राखली. म्हटलं, पोराच्या तोंडून आयकीन. काल आयकलं. दोन वर्सं.”

खिंडीत पोचलो. त्यांनी विचारलं, “तिथल्या खिंडीत गोटे हायेत का?”

“नाई. निरा बर्फ.”

“मंग पोरगा ठेवीन काय, अन् उचलीन काय?”

त्या राशीपाशी गेल्या. मग वाकून त्यांनी चुन्याचा गोटा उचलला. मी ओरडलो, “देवकाबाई, दुसऱ्यानं उचलू नाई!”

“तेरा वर्सं वाट पाह्यली, भाऊ. मी दुसरी कोन? तो येत नाई, हे मनाले कवाचं ठाऊक होतं. हात धजत नव्हता.” गोटा पदरानं पुसून म्हणाल्या, “हा त्याले देतो. जाताना तिथी ठेवजो म्हणा, अन् येताना आपल्या हातानं उचलून आणजो. इथी त्याचा गोटा मी ठेवू देत नाई. दोन गोट्याले चुना लावनं माझ्यानं होत नाई.”

इस्तारी, हा तुझ्या मायचा होकार. मुठीएवढा गोटा आहे, आत्ता तिच्या ओटीत आहे. जहाजावर कोणी विचारलंच, सामानात दगड कशाला, तर सांग, हाही मोजणीचाच आहे. खिंडीची उंची दुसरा कोणीही मोजून देईल रे. हा गोटा उचलणं मात्र तुझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही.

देवकाबाई, तुमची तब्येत विचारायची राहिली. पाहा, डोळे पुसता पुसता हसता आहात, म्हणजे विचारायलाच नको. या, पुढं या. हार राहू द्या, आधी तुमच्या हातचं त्याला मिळू द्या.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलता बोलता कोणाचं नाव सुटलं असेल, घरातलं काही चारचौघांत आलं असेल, तर म्हाताऱ्याला पदरात घ्या. आणि इस्तारी, पोचल्याबरोबर पत्र टाक, उशीर करू नको. बरं लिही, वाईट लिही. या वेळी चष्मा लावून वाचीन, एक अक्षर गाळणार नाही.