घोटीच्या पाळकांचे दोन सोबती

चर्चेसच्या एकीच्या गप्पा मला सांगू नका, मी ती जवळून बघितलीय. आणीबाणी नुकतीच उठली होती. नाशिक रोडची आमची छोटी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, स्वतंत्र. वर मिशन नाही, बिशप नाही. आमचे पाळक आजारी पडले आणि रविवारची उपासना अडली. तेव्हा घोटीच्या मंडळीने, तीही आमच्यासारखीच स्वतंत्र, आपले पाळक पाठवले. सकाळी आमची उपासना, संध्याकाळी घोटीची.

आमच्या मंडळीचे कारभारी शांतवनमामा मला म्हणाले, "फुकट कोण येतं रे? मेंढरं पळवायला आलेत. लक्ष ठेव."

मी ठेवलं. पाळकांबरोबर दर खेपेला दोन माणसं यायची. मागच्या बाकावर बसायची, गीत म्हणायची नाहीत, नुसती टकामका बघायची. पाळक कोणाकडे जेवायला गेले, तर हे दोघे दारात उभे.

"मामा, कोणाला फोडायचं ते हेरताहेत," मी सांगितलं.

पुढच्या रविवारी उपासनेआधीच मामांनी त्यांना दारात गाठलं. "खरं सांगा, आमच्यातलं कोण पाहिजे तुम्हाला?"

त्यांतला थोरला म्हणाला, "तुमचं कोणी बी नको. आम्ही आमच्या पाळकाची राखण करतोय. पहिल्याच रविवारी तुम्हीच त्यांना कायमचं राहायला खोली दाखवली ना?"

मी मामांकडे बघितलं.

मामांनी घड्याळाकडे बघितलं. "चला," म्हणाले, "प्रार्थनेची वेळ झाली."