मांडवावरचे चार घड

…नाही मॅडम, तिकडं नोका पाहू, ते खाली वाफ्यात हाय ते काही नाही — पाला हाय. इकडं वर पाहा, मांडवावर. दिसले का घड? दोन हे समोर, तिसरा पानाआड, अन् तो कोपऱ्यातला चौथा. पांढरे द्राक्ष. आता हिरवे दिसतात अन् पांढरे म्हनतात, त्याले मी काय करू, नाव काही म्या नाही ठेवलं. साऱ्या अनसिंगमंदी कोनाच्या परसात पाह्यले तुमी द्राक्ष? नसतीन पाह्यले. परसबागेची स्पर्धा ठेवता तुमी लोकं, अन् जिथं जा तिथं वांगे, दोडके, कढीपत्ता. वाशीमवरून इथपर्यंत येता येता डोळे आंबले असतीन तुमचे. बसा ना बाजेवर. चहा येऊन राह्यला. अंजना — मॅडम बसल्या हायेत व. — येते, येते. माही बायको चहा मांडते तवर पृथ्वी एक चक्कर मारून येते.

तर लिहा तुमी. एका घरातून एकच नाव घेता न? मंग भिवाजी पट्टेबहादूर, द्राक्ष. तिचं म्हननं होतं का लेटूस लिहू. लेटूस. म्या म्हनलं, बाई, स्पर्धेत नाव द्याचं हाय का बकरीले चारा टाकाचा हाय? आमचा विनोद नाशकाकडं द्राक्षाच्या बागाईत कामाले जाते हंगामाले. चार वर्षांखाली त्यानं माह्यासाठी ही काडी आनली, अन् औंदा मायसाठी त्या लेटूसच्या बियाची पुडी. एकाच पोरानं दोन्ही आनलं, पन फरक पाहा तुमी. वेल वर चढते, लोकाईले मान वर करून पाहा लागते. अन् लेटूस पाहाचं त आपल्याले वाका लागते. पानाले ऊन लागलं का मान टाकते ते. ताकदच नाही. मंग तिनं वाफा कुठं टाकला? माह्या मांडवाखाली, माह्या सावलीत. म्हनजे भाडेकरू झालं न ते? अन् भाडेकरूनं घरावर आपल्या नावाची पाटी लावाची — असं असते का कुठं?

चवीचं विचारूच नोका. पहिल्या दिवशी तिनं फोडनी देल्ली — टोपलंभर पाला, अन् कढईत उरलं चमचाभर हिरवं पानी. दुसऱ्या दिवशी बेसन लावून पाह्यलं, त बेसन वाया गेलं. बकरीनं एक पान खाल्लं अन् माह्याकडं असं पाह्यलं, जशी म्याच फसवली तिले. मंग पोरानं फोनवर सांगितलं का ते कच्चं खातात. कच्चं — घरात चूल हाय, तेल हाय, अन् मानसानं बसून कच्चा पाला खाचा. गल्लीतल्या बाया येतात मांगाले, येतात, नाही कोन म्हनते? फुकट भेटते म्हनून येतात. अन् त्याची जातच बेशरम — भाईरचं पान तोडलं का आतून दुसरं हजर. मी? मी नाही खात. म्हनजे — रातच्याले खातो. भाकरीवर ठेचा घ्याचा अन् ठेच्यावर ते पान. जीभ पेटली का गार लागते. बस, औषध म्हनून. रोज? आता रोजच म्हना. काल ताटात नव्हतं त म्या विचारलं, पान कुठं हाय म्हनून. एकडाव विचारलं त काय मानूस लेटूसचा झाला?

द्राक्षाचं तसं नाही. द्राक्ष वाट पाहाले लावते. चार वर्षं पाह्यली म्या. विनोद दर साली बोंबलते — बाबा, ऑक्टोबरात काड्या छाटा, छाटल्याबिगर घड निघत नाही. म्या म्हनलं, लेका, एवढा हिरवागार वेल अन् कैची लावू त्याले? तुह्या जावळाच्या वक्ताले तुले मांडीवर मीच धरलं होतं, किती रडला होता ते मले ठाऊक. नाही छाटला. मंग पानं आले. पानं म्हनजे पानं, मांडव वाकला पानाईनं. अन् गल्लीले इषय भेटला. भिवाजी, वेलाले बाळसं त आलं, बाळ कवा? — रोज. पान्याले चाललो त, दाढीले बसलो त, मयताले गेलो तिथंही एकानं खांदा देतादेता विचारलं. चार वर्षं मॅडम. म्हनून त नाव देल्लं म्या स्पर्धेत. म्हनलं पाहू, सरकारी मानूस पानाले तरी नंबर देते का.

अन् आज सकाळी तोंड धुवाले आलो त घड. काल सांजच्याले नव्हते. नव्हते म्हनजे, दिसले नाही. पानाआड असतीन. पिकलेले, हो, एकदम पिकलेले — आता वेलाच्या पोटात काय असते ते आपल्याले कसं समजनार? हसू नोका. साऱ्या गल्लीले हात धरधरून आनलं म्या इथं. दाढी करनाऱ्यालेही आनलं. साऱ्याईनं मान वर करून पाह्यलं. अंजना दारात उभी होती तोंडाले पदर लावून. म्या म्हनलं, पाह्य, लागले का नाही? त म्हने, लागले न. तेवढंच. जळते थोडीशी. तिचा पाला मांगं पडला न.

अंजना, चहा व — कालच गेली होती वाशीमले, खास चहापत्ती आनाले, मॅडम येनार म्हनून. म्या म्हनलं, इथं का भेटत नाही? त म्हने, तिथली कडक असते. गेली उन्हाची बसनं. — तवर तुमी द्राक्ष खाऊन पाहा. तोडा. लाजू नोका, तोडा, तो कोपऱ्यातला. अहो हळू — आला हातात? इतका सोपा? पिकला न, म्हनून. काय हाय ते देठाले? धागा? कायचा धागा, आना इकडं. निळा हाय. कोळिष्टक असन. पाखरू आनते काडीकचरा. अन् गाठ — हो, गाठ हाय.

थांबा मॅडम. जरा बोलू नोका.

ही गुंडी पाहा माह्या सदऱ्याची. तुटली होती. काल रातच्याले लावून देल्ली तिनं, म्हने उद्या मॅडमसमोर उघड्या गळ्यानं बसान का. पांढरा धागा नव्हता घरात. निळ्यानं लावली. हा धरा, बाजूले धरा. एकच हाय न?

म्हनून चहा येऊन नाही राह्यला. चहापत्ती आनलीच नाही तिनं. तिथं चुलीपाशी बसून नुसतं पानी उकळून राह्यली.

अन् म्या साऱ्या गल्लीले आनलं.

खोडा मॅडम. भिवाजी खोडा. लिहा अंजना — अंजना भिवाजी पट्टेबहादूर. मधात राहू द्या मले, तेवढं चालते. पीक, लेटूस. कंसात लिहा, द्राक्षाच्या सावलीतलं. कंस चालत नाही? बरं, नसन चालत. तिनं विचारलं त सांगा का तुमीच बदललं. भिवाजी लय भांडला म्हना, ऐकतच नव्हता. अन् तो घड आना. ही काडी धरा अन् गाठ मारा, माहे हात जाडे हायेत. पहिली होती तशीच. ते पान वढा वरून. आता काही दिसत नाही. तिले समजू नये का मले समजलं.

तुमच्या हापिसात छाटाची कैची भेटते का? राहू द्या, ऑक्टोबरले वेळ हाय.

आता उठा. उठा ना, तुमी बसल्या त ती बिचारी दिवसभर पानी उकळन. घाई हाय म्हना, चहा नको म्हना, जरा मोठ्यानं — अंजना, राहू दे व, मॅडम चालल्या. द्राक्ष खाल्ले त्यायनं, लय गोड निंघाले म्हनतात. — जा मॅडम. कायले उभ्या राह्यल्या, जा.