आईच्या डब्यातले टार्ट

लॉर्नाच्या वडिलांचा शेवटचा धडधाकट दिवस सीमेवरच्या नदीच्या कॅनडाकडच्या काठावर, फेरीबोटीच्या रांगेत गेला. कॅनडाची खासियत असलेले, पारीच्या वाटीत लोणी-साखरेचं सारण भरलेले बटर टार्ट तिने नदीपलीकडच्या अमेरिकन बेकरीतून आणून आईच्या जुन्या डब्यात भरले होते. वडिलांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी शेजारच्या अमेरिकन बाईपुढे डबा धरला.

"घ्या. असला टार्ट तुमच्याकडे मिळायचा नाही."

"आमच्या पीकन पायमधले अक्रोडासारखे दाणे काढले की हाच उरतो, आजोबा."

"दाणे हवेत कुणाला? दात पाडायला?"

"थांबा हं. कडेची ही चिमटी ओळखीची वाटते. आमच्या गावची बेकरीवाली अशीच घालते."

"काहीतरीच! माझ्या लेकीच्या हातचे आहेत. आईने शिकवलंय तिला."

"हो का गं? पारीत काय घालतेस?"

"लोणी," लॉर्ना म्हणाली.

"मला तर चरबीची चव लागतेय."

"जळताय तुम्ही, बाई. खा मुकाट्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील उठलेच नाहीत.

दफन उरकून माणसं पांगली, तेव्हा लॉर्ना थडग्यापाशी एकटीच राहिली.

"बाबा, ती बाई खरं बोलत होती. आई शिकायला बोलवायची, पण मी कधी गेलेच नाही."