वाऱ्यात वळवलेली होडी

आजच्या सेवानिवृत्ती समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या सरपंच निताताई, मंचावर बसलेले आपले वैद्यकीय अधिकारी प्रमोद सर, ज्यांच्या मायेनं आपण सगळे इथं जमलो त्या बेबीताई राठोड, मंचावर बसायला नको नको म्हणत शेवटी बसलेले त्यांचे यजमान बाबूसिंगदादा, आणि धरणाच्या काठावरून, तांड्यांवरून हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या आयाबहिणींनो आणि बांधवांनो, सर्वांना जय भीम, जय सेवालाल आणि नमस्कार.

मी शीतल खिल्लारे, ताईंच्याच उपकेंद्रातली आरोग्यसेविका. माझ्याआधीच्या वक्त्यांनी ताईंच्या लसीकरणाबद्दल, त्यांनी सुखरूप केलेल्या बाळंतपणांबद्दल इतकं भरभरून सांगितलं की माझ्यासाठी काही उरलंच नाही. बरंच झालं. मला त्यांच्या नोकरीबद्दल बोलायचंच नव्हतं. मला त्यांच्या होडीबद्दल बोलायचंय. अध्यक्षांची परवानगी आहे, असं समजते.

होडी खरं तर दादांची. धरणावर मासेमारी करणाऱ्या जळबाकाकांकडून विकत घेतलेली, जुनी, लाकडी. वर छप्पर नाही, इंजिन नाही. दोन वल्ही आणि बसायला आडव्या फळ्या, एवढंच. सुट्टी मिळाली की दादा सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर निघायचे. मासे धरायला नाही, नुसतं फिरायला. जिथं दिवस मावळेल त्या काठावर मुक्काम. ताईंना हे मुळीच पटायचं नाही. काहून जाता, म्हणून विचारायच्या. दादा म्हणायचे, पाणी पाहायला. आता तुम्हीच सांगा, दारातून एवढं धरण दिसत असताना पाणी पाहायला होडी कशाला लागते?

मग दादांना लकवा झाला. जीव वाचला, पण उजवा हात गेला. वाचा हळूहळू परत आली, पण दादा बोलायचेच नाहीत. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. एकदा लस टोचायला जाताना ताई मला म्हणाल्या, "शीतल, हा माणूस माझ्याशी भांडत न्हाई आता. घरात मन लागत न्हाई माझं."

त्यानंतर ताई जळबाकाकांकडं जाऊन वल्हं मारायला शिकल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई! तळहाताला फोड आलेले, त्यावर पट्ट्या बांधून त्या उपकेंद्रात यायच्या. आणि थंडीच्या दिवसांत त्यांनी दादांना होडीत बसवलं. मदतीला म्हणून मी. मला पोहता येत नाही, हे ताईंना माहीत होतं. त्यांनी तिघांसाठी लाइफ जॅकेट आणून ठेवली होती.

उघड्या होडीतला प्रवास म्हणजे नुसती मजा, असं मी म्हणणार नाही. उन्हाला आडोसा नसतो. वरून ऊन आणि खालून पाण्याची तिरीप. पाय लांब करायला जागा नाही, कंबरेचे पार हाल. आणि बाईमाणसाला गरज पडली की योग्य काठ सापडेपर्यंत दम धरावा लागतो. हे सभेत बोलावं की नाही, ठाऊक नाही. पण समोरच्या आयाबहिणींना कळेल. पण वल्ही थांबली की जी शांतता पसरते, ती मी दुसरीकडं कुठं ऐकलेली नाही. पाण्यात बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. आपण जवळून गेलो तरी उडत नाहीत. दुपारी काठावर तीन दगडांची चूल, पिठलं आणि करपलेली भाकरी. तसं पिठलं मला घरी कधी जमलं नाही.

दादा मधल्या फळीवर, पाठीला गोधडी लावून बसलेले. गप्पच.

वरच्या अंगाला, जिथं धरण अरुंद होत होत पुन्हा पूर्णा नदी दिसायला लागते, ती दादांची आवडती जागा. त्यांना तिथवर न्यायचं, हे ताईंच्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरून वारा सुटला. लाटा होडीत यायला लागल्या. मी पातेल्यानं पाणी उपसत होते. ताई जीव खाऊन वल्हवत होत्या, पण काठावरचं झाड जिथल्या तिथंच. शेवटी ताई म्हणाल्या, होडी मागं वळवते.

तेव्हा दादा बोलले.

"वळवू नको. पुढं चल."

"न्हाई," ताई म्हणाल्या.

मग दोघांचं गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, जे सुरू झालं, त्यातलं मला निम्मंच कळलं. भांडता भांडता ताईंनी दोन लाटांच्या मधे होडी वळवली. ती एका अंगावर कलली, पाणी माझ्या मांडीवर आलं. मला वाटलं, आता संपलं. पण होडी सावरली, वारा पाठीमागून लागला आणि आम्ही एका खोलगट काठाला लागलो. ओलेचिंब.

दादांचा राग काठावरही शमेना. चूल नीट पेटली नाही म्हणून चिडले, भाकरी पुढं केली तर नको म्हणाले. मला त्यांच्या बीपीची काळजी. मी ताईंना म्हटलं, त्यांना जरा शांत करा. पदर पिळता पिळता ताई रडत होत्या आणि हसतही होत्या. म्हणाल्या, "भांडू दे गं. किती दिसानं भांडून राहिला माणूस."

दिवस मावळल्यावर दादांनी स्वतःच भाकरी ओढून घेतली. डाव्या हातानं तुकडा मोडत म्हणाले, "वळवलीस बराबर. मी पुढंच नेली असती, अन् तिघंबी बुडालो असतो."

ताईंनी त्यांना पिठलं वाढलं.

दादांची ती जागा आम्ही अजून गाठलेली नाही. पण तेव्हापासून दादा बोलतात. होडीत मागं बसून हुकूम सोडतात. ताई त्यातले निम्मे ऐकतात. काल मी ताईंना विचारलं, उद्यापासून काय करणार? म्हणाल्या, "उशिरा उठीन. मंग यांना ईचारीन, कुठं जायचं."

अध्यक्ष महोदया, आपण मला वेळ दिलात, सभेनं शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मान राखायला चुकले असेन, तर पोटात घाला. आणि दादा, तुमच्या घरातली गोष्ट न विचारता चारचौघांत सांगितली, त्याबद्दल तुमची वेगळी माफी मागते. ताई, सुखानं जा, फिरा. रजेचा अर्ज आता कुणाला द्यायचा नाही.