ऐनाच्या अंगावरचा पट्टा

ऐका गं बायांनो. पोरं मांडीवर घ्या, दार लोटा. ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्या ह्यांच्यावर गुदरलेली आहे.

हे वनमजूर. पहाडीवरची ऐनाची झाडं उभ्या-उभ्या वाळत होती. जंगलखात्याचे नाकेदार म्हणाले, "बुडाशी भुसा पडलाय का बघ. भुसा असेल तर कीड. उद्या सकाळीच वर कळवायचंय." दिवस बुडालेला. मी म्हटलं, "नका जाऊ हो, बाळ तापलंय." तर म्हणतात, "झाडं काय मला खातात?"

गेले!

पहिलं झाड बघितलं. भुसा नाही. बॅटरी वर केली, तर कमरेएवढ्या उंचीवर चार बोटं साल सोललेली. गोल, पट्ट्यासारखी. कीड कुठली, कुऱ्हाड! असं केलं की झाड गुपचूप वाळतं, मग ते पाडून तिथं धानाची बांधी काढायची, जंगलाचं शेत करायचं. आपल्या गावचा झोलबा हेच करायचा. असलंच वाळकं ऐन अंगावर पडून मेला तो.

दुसरं झाड तसंच. तिसरं तसंच. चौथ्याचा पट्टा ओला! रस गळतोय! आणि पुढं अंधारात ठक्... ठक्...

"कोण आहे रे?"

"मी झोलबा. ये, हात लाव. तुझ्या पोरालाही बांधी होईल."

ह्यांनी उजेड मारला. कुऱ्हाड चालत होती, धरणारा कोणीच नव्हता!

पळायला गेले, तर पाय रुतले चिखलात. कमर आवळली. सदरा वर केला, तर बाई गं, कातडी सुटत होती! गोल. सावकाश. कानाशी हसणं, "झाड काय, माणूस काय. पट्टा पडला की वाळतंच."

ओरडावं तर घसा कोरडा. ह्यांना वाटलं, आपण तर चाललो, हे झाड तरी वाचू दे. पायाखालचा चिखल ओरबाडला, त्या ओल्या पट्ट्यावर थापला, वरून डोईचा दुपट्टा करकचून बांधला. आणि काय सांगू, ह्यांची कमर सुटली!

धावत सुटले. मागं ठक् ठक्, थेट आपल्या वेशीपर्यंत. दारात येऊन पडले ते तीन दिवस पाणीच मागत होते. कमरेवर चार बोटं जागा अजून तशीच आहे. भर उन्हात तिथं घाम येत नाही.

त्या पहाडीच्या वाटेनं कोणी जाऊ नका. दिवे लागल्यावर तर नाहीच. आणि सगुणे, खाली काय बघतेस? तुझा नवरा तिकडं बांधी काढतोय, सगळ्या गावाला ठाऊक आहे. आज घरी आहे का तो?

नाही ना? मग ऊठ. बसलीस काय!