दोन तुकडे केलेल्या कार्डाचे व्यवहार

दि. ११ मार्च २०२५, सकाळी ११.२०

मी महेश्वर गुरुशांत बिराजदार, वय ६८ वर्षे, धंदा – सरकारी कचेरीतून निवृत्त वरिष्ठ लिपिक, रा. शिवगंगा नगर, होटगी रोड, सोलापूर. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. मुलगी आरोही पुण्यात असते. निवृत्तीपासून घरखर्चाचा हिशेब मी कॉम्प्युटरवर ठेवतो. दर महिन्याच्या एक तारखेला चहा झाला की बँकेच्या साइटवरून क्रेडिट कार्डाचे व्यवहार सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतो आणि पावत्यांशी ताडून बघतो. एक रुपयाचा फरक असला तरी उठत नाही. लोक हसतात, हसू देत. पत्नी जगदेवी हिच्याकडे माझ्याच खात्यावरचे दुसरे कार्ड होते. जिथे मशीन असेल तिथे कार्डच द्यायचे, रोख दिलेल्याचा पत्ता लागत नाही, असा माझा नियम होता. कोथिंबिरीलाही कार्डच दाखवू का, असे ती चिडवायची, पण नियम पाळायची.

दि. १२ मार्च २०२३, रविवारी ती बाजारात गेली होती. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सात रस्त्याजवळून तिचा फोन आला. छातीत कसेतरी होतेय, गाडी घेऊन न्यायला या, असे म्हणाली. मी निघतो म्हणालो. निघायला थोडा उशीर झाला. मी ६.२५ ला पोहोचलो तेव्हा ती मेडिकलच्या बाहेरच्या बाकावर बसलेली होती. बसल्या जागी गेलेली होती. हातात आम्लपित्ताच्या गोळ्यांची पावती होती, रक्कम ३८ रुपये, वेळ ५.४२.

दिवसकार्य झाल्यावर मी तिचे कार्ड कात्रीने कापले. ते दोन तुकडे पाकिटासह आपल्यासमोर हजर केले आहेत. बँकेला मात्र कळवले नाही. त्यांच्या अर्जात कारण लिहावे लागते. नोकरीत लोकांचे असले शेकडो अर्ज मी स्वतः भरून दिलेत. हा एक माझ्याच्याने भरवला नाही.

यंदा १ मार्चला नेहमीप्रमाणे व्यवहार उतरवले. दुकान आणि रक्कम जुन्या नोंदीसारखीच असली की, हे आधी नोंदलेले आहे, वगळायचे का, असे सॉफ्टवेअर विचारते. त्या दिवशी अकरा वेळा विचारले. बँकेने जुनीच फाइल पुन्हा पाठवली असे समजून मी बँकेला शिव्या घातल्या आणि अकराही वगळले. ५ तारखेला बिल आले ते २,३१४ रुपयांनी जास्त. तेव्हा नीट पाहिले. तारखा यंदाच्या होत्या आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे जगदेवीच्या कार्डाचे होते.

मी २०२३ चा फेब्रुवारी शेजारी उघडून बसलो. ९ तारखेला नव्या पेठेत बांगड्या २६० रुपये, तेव्हाही आणि आताही. १४ तारखेला बाळीवेशीत शेंगा चटणी १८० रुपये. २२ तारखेला परकराचे कापड. त्याच तारखा, तीच दुकाने, पैशापैशाला जुळते. तीस वर्षांच्या नोकरीत इतका चोख ताळमेळ मी पाहिला नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी उतरवतो. रोज पुढचा व्यवहार येतो. ९ मार्चचा आज सकाळी आला आहे.

बँकेत चौकशी केली. कार्ड दुकानातल्या मशीनला टेकवूनच पैसे गेलेत, असे ते म्हणतात. मी तुकडे दाखवले. साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि पोलिसांत जा म्हणाले. आरोहीने फोनवर विचारले की, बाबा, तुम्हीच तर जात नाही ना. हवालदार साहेबांनीही आता तेच विचारले. माझे डोके ठिकाणावर आहे. १४ फेब्रुवारीला दिवसभर मी वळसंगला चुलतभावाच्या वास्तुशांतीला होतो. शंभर माणसांनी मला पाहिले आहे.

काल मी बाळीवेशीतल्या चटणीच्या दुकानात गेलो. दुकानदार सिद्धाप्पा आम्हा दोघांना चेहऱ्याने ओळखतो. जगदेवी गेल्याचे त्याला माहीत नव्हते आणि मीही सांगितले नाही. १४ तारखेला चटणी कोणी नेली, एवढेच विचारले. तो म्हणाला, "काकूच आल्या हुत्या की. जरा थकल्यावानी दिसल्या. काका कुटं हायत म्हणून इचारलं, तर म्हणाल्या, हिशेबाला बसलेत."

मी तिथून पैसे देऊन चटणी घेतली आणि घरी आलो. जेवलो नाही.

हवालदार साहेब म्हणतात, कार्ड आत्ताच्या आत्ता बंद करा. त्यास माझी हरकत आहे. २०२३ च्या यादीत आता काल-आजच्या दोन किरकोळ खरेद्या सोडल्या तर एकच व्यवहार उरला आहे. तो उद्याचा आहे. ३८ रुपये, ५.४२. मी चार वाजताच जाऊन त्या बाकावर बसणार आहे. मला भीती वाटते ती एवढीच की रस्त्यात गाडी बंद पडेल, म्हणून आज गाडी गॅरेजला दाखवली आणि उद्यासाठी रिक्षाही सांगून ठेवली आहे. कोणी चोर असेल तर तो आपल्याला सापडेल. पण माझी विनंती आहे की पोलिसांनी साध्या कपड्यात यावे, लांब उभे राहावे आणि आधी मला पुढे होऊ द्यावे. तिला गणवेशाची भीती वाटते. ५.४२ नंतर कार्डाचे काय करायचे ते करा, अर्ज मी भरून देतो.

वरील जबाब हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी मी थांबवून दुरुस्ती करायला लावली ती अशी की, फोनवर मी 'निघतो' म्हणालो हे खरे नाही. "फेब्रुवारीच्या हिशेबात अजून चाळीस रुपयांचा फरक लागतोय, तू रिक्षा करून ये," असे म्हणालो. त्यावर ती "बरं" म्हणाली. एवढा बदल करून बाकी सगळे मी सांगितल्याप्रमाणे जुळते, म्हणून खाली सही करतो.

(सही)
म. गु. बिराजदार